यादीतली कळशी

रविवार, ८ डिसेंबर २०२४, पेठ

आज खोली रिकामी झाली. डायरी लिहायची सवय नाही, पण ही वही सामान काढताना कपाटामागे सापडली आणि ती कोणाच्याच यादीत नव्हती, म्हणून तिच्यात लिहितो.

भरत सकाळी साडेनऊला पिकअप घेऊन आला. भरत म्हणजे माझ्या बायकोचा, तेजस्विनीचा, धाकटा भाऊ. बेल्ह्याच्या बाजारातले बैल गावोगाव पोहोचवायचा त्याचा धंदा, त्यामुळे हौद्यात अजून पेंढा होता आणि आमचा संसार बैलांच्या जागेवर चढला. खिशात चार पानी यादी होती, तेजस्विनीच्या अक्षरातली. लग्नात तिच्या माहेरून आलेली प्रत्येक वस्तू, नंबर घालून.

गेल्या वर्षीच्या भाऊबीजेला ती माहेरी, बेल्ह्याला, गेली ती परत आली नाही. मी न्यायला गेलो नाही. माणसाला यायचं असेल तर ते येतं, ओढून आणण्यात काय अर्थ आहे, असं माझं मत आहे. महिन्यापूर्वी तिच्या मामांचा फोन आला, "नांदवायचं नसंल तर तसं सांगा, आमी भांडी घिऊन जातो." मी म्हटलं, तिची इच्छा असेल तसं करा. यापेक्षा सभ्य उत्तर दुसरं काय असतं?

सामान चढवायला मी स्वतः हात लावला. लोक अशा वेळी भांडतात, वाट्यांवरून डोकी फोडतात. मी म्हटलं, आपण शिकलेली माणसं आहोत. उलट भरतच सारखा रेंगाळत होता. "दाजी, आधी च्या तरी घेऊ की." मी त्याला सांगितलं, शेगडी सतराव्या नंबरला होती, ती मी पहिल्याच खेपेत चढवली. गादीपाशी तो परत अडला. पलंग माझा, मंचरहून घेतलेला. गादी त्यांची. "गादी राहू द्या दाजी, कशावर निजणार तुमी?" मी म्हटलं, यादीत आहे ना? मग ने.

"दाजी, नक्की ना?" असं त्याने तीनदा विचारलं. मी तिन्ही वेळा नक्की म्हटलं.

शेवटी एकच वस्तू राहिली. नंबर अठ्ठेचाळीस, तांब्याची कळशी, मामा-मामींकडून. सगळीकडे शोधली, मोरीत, माळ्यावर, गच्चीत. नाही. मला ओशाळल्यासारखं झालं, पण भरतच्या तोंडावर सकाळपासून पहिल्यांदा जरा हसू आलं. "राहू द्या. ताईनं सांगितलंय, यादी पुरी झाल्याबिगर ती कागदावर सही करणार न्हाई."

कागद म्हणजे फारकतीचा अर्ज. एका कळशीसाठी! माणसं किती बारीक असतात.

मंगळवार, १० डिसेंबर

आता खोलीत एवढं आहे. पलंग (फळ्यांवर चटई), टेबल, खुर्ची, संगणक, वीज गेली की दहा मिनिटं तगवणारा डबा, चार खिळ्यांवर चार शर्ट, आणि पाण्याची प्लॅस्टिकची बाटली. जेवण खाली लंकाबाईंकडून येतं. लंकाबाई घरमालकीण, वय सत्तरच्या आसपास, तोंड कायम चालू.

खरं सांगू का? बरं वाटतंय. मी पूर्वी एका परदेशी माणसाचे व्हिडिओ बघायचो. एक खोली, एक पलंग, एक संगणक, बाकी भिंती. तो सांगतो, जितक्या वस्तू कमी तितका त्रास कमी. त्याला ते जमायला सहा वर्षं लागली. माझं भरतच्या पिकअपने दोन तासांत झालं.

एकच गैरसोय आहे. खोली घुमते. फोनवर बोललो की माझाच आवाज मागून येतो.

रविवार, १५ डिसेंबर

बाळासाहेब आले होते. ओझरच्या रस्त्याला त्यांच्या बंगल्याचं काम निघणार आहे, त्याचे प्लॅन माझ्याकडे आहेत. माझं काम तेच. लोकांची घरं बांधायच्या आधी संगणकावर उभी करून दाखवायची, आतल्या फर्निचरसकट, भिंतीच्या रंगासकट. माणसाला आपलं घर आधी चित्रात दिसलं की तो ठेकेदाराशी कमी भांडतो.

बाळासाहेब दारातच थांबले. बसायला काही नव्हतं. खुर्ची मी त्यांना दिली आणि पलंगावर बसलो, तर फळी करकरली.

"काय राव, तुमी लोकांची घरं काढता आन् तुमच्या घरात टेकायला पाट न्हाई?"

मी म्हटलं, ही नवीन पद्धत आहे, अशीच खोली परदेशात भाड्याने घ्यायला लोक रांग लावतात. त्यांनी मान हलवली. माणूस भला आहे. जाताना म्हणाले, "मंडळी माहेरी गेल्यात वाटतं?" मी हो म्हटलं. ते खोटंही नव्हतं.

त्यांच्या पत्नी, आरतीताई, यांनी किचनची एक अट पाठवली आहे. ओट्याच्या डाव्या हाताला पाण्याची जागा हवी. हंडा, त्यावर कळशी. "फिल्टर बसवणारच, पण कळशी पाहिजे." घातली. माझ्याकडे तयार भांड्यांचा साठा आहे, हवं ते भांडं उचलून ठेवायचं. ही भांडी समोरून आणि वरून सुंदर दिसतात. त्यांना तळ नसतो. तळ कोण बघतंय?

मंगळवार, ३१ डिसेंबर

तेजस्विनीचा मेसेज. वर्षभरात पहिलाच.

"कळशी सापडली का?"

"नाही," असं लिहिलं. तिने अंगठा पाठवला. बाईला नवीन वर्षाच्या शुभेच्छा द्यायला सुचलं नाही, कळशी सुचली.

मंगळवार, १४ जानेवारी २०२५

संक्रांत. लंकाबाईंनी तिळगूळ आणून दिला आणि पलंगावर बसून राहिल्या. त्यांची नूतन, म्हणजे मुलगी, सणाला आली आहे. तिचं पोर खाली अंगणात रांगत होतं. कडक थंडी आणि पोराच्या अंगावर एक जुनी ओढणी गुंडाळलेली. मला जरा राग आला.

कारण असं. ऑगस्ट २०२३ मध्ये तेजस्विनी मंचरच्या दवाखान्यात होती. पाचवा महिना चालू होता आणि ते गेलं. ती घरी यायच्या आधी मी एक चांगलं काम केलं होतं. तिने शिवून ठेवलेली दुपटी, दोन छोट्या गोधड्या, टोपडी, सगळं फळीवरून आवरून लंकाबाईंना दिलं. म्हटलं, नूतनला दिवस गेलेत, तिच्या उपयोगी पडेल. तेजस्विनी आल्यावर तिच्या डोळ्यांना काही दिसायलाच नको, म्हणजे त्रास नको. फळी पुसूनही ठेवली. ती आली, फळीकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "माझं काईच ठिवलं न्हाई तुमी." मी म्हटलं, तू आराम कर. नंतर मी तो विषय घरात कधी काढला नाही. एक शब्द नाही. बायका सांगतात नवरे टोचून बोलतात, मी तर उलट.

आणि त्या दुपट्यांतलं एकही नूतनच्या पोराच्या अंगावर मी आजवर पाहिलेलं नाही. चांगल्या वस्तूची लोकांना किंमत नसते.

लंकाबाई उठताना म्हणाल्या, "सुदर्शन, सण हाय. बेल्ह्याला एक फोन कर की."

"कशाला?"

"कशाला म्हंजी?" आणि गेल्या.

संध्याकाळी मेसेज आला. "तिळगूळ घ्या. कळशी सापडली का?"

शनिवार, १ फेब्रुवारी

बाळासाहेबांचं किचन चौथ्यांदा बदललं. आरतीताईंनी फोनवर विचारलं, "मीठ कुठं ठेवायचं मी? मसाल्याचा डबा उजवीकडं पाहिजे, मीठ हाताशी." मी ओट्याच्या कोपऱ्यात बरणी ठेवली.

फोन ठेवल्यावर उगाच आठवून बघितलं, आमच्याकडे मीठ कुठे असायचं. जवळजवळ सात वर्षं रोज खाल्लेलं मीठ. नाही आठवलं. ओट्यावर असणार कुठेतरी. आता तिथे ओट्याची रिकामी फरशी आहे आणि त्यावर मी चार्जर ठेवतो.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आज लग्नाला आठ वर्षं झाली. सकाळी सात वाजता मेसेज.

"कळशी सापडली नसेल तर राहू द्या. घाई नाही."

हे वाचून मला मात्र लागलं. राहू द्या म्हणजे? माझ्यावर उपकार? उद्या मामा चार लोकांत म्हणणार, जावयाने कळशी दाबली. मी ठरवलंय, कुठूनही शोधायची आणि स्वतः नेऊन द्यायची. मला कोणाचं काही नको.

सकाळी उत्तर म्हणून "शोधतो" असं लिहिलं. तिने ते लगेच वाचलं, पण या वेळी अंगठा पाठवला नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी

सापडली! आणि कुठे, तर लंकाबाईंच्या घरात.

त्यांचा बल्ब गेला म्हणून बदलायला खाली गेलो. स्टुलावर चढलो तर धान्याच्या कोठीवर, पोत्यांच्या आड, फडक्यात बांधलेलं काहीतरी. फडकं सुटलेल्या जागेतून तांबं दिसलं आणि अक्षरं. "चि. सौ. कां. तेजस्विनी हिस मामा-मामींकडून सप्रेम भेट." मी तीच काढून खाली आणली.

लंकाबाईंचा चेहरा उतरला. "ती राहू दे तिथंच."

"मावशी, ही यादीतली आहे."

"आसंल. माझ्याकडं ठिवलेली हाय."

"कोणी ठेवली?"

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "न्यायचीच आसंल तर आधी तिला इचार. फोन कर, म्हण कळशी मावशीकडं गावली, काय करू? येवढं इचार. मग ने."

मी समजून घेतलं. म्हातारं माणूस, चकाकणारी वस्तू, घरात येणंजाणं, मोह होतो. मी मोठ्या मनाने विषय वाढवला नाही. फोनही केला नाही, उगाच म्हातारीचं नाव बाहेर आलं असतं.

"समदं येवढं पुरं करू न्हाई रं," असं त्या मागून म्हणत होत्या.

रविवार, १६ फेब्रुवारी

चिंच-मीठ लंकाबाईंकडूनच मागून घेतलं आणि कळशी घासली. तासभर गेला. काळी पडलेली कळशी अशी निघाली की खोलीत दुसरं काही नसल्यामुळे सगळा उजेड तिच्यावरच पडतोय असं वाटलं. टेबलावर ठेवली आणि काम करताना सारखं लक्ष तिकडे जात होतं.

एक गंमत सांगायची राहिली. तळाला, बुडाच्या कडेला, अगदी बारीक अक्षरात आणखी एक नाव आहे. "श्रेया." शेजारी तारीख, १०.७.२३. आमच्या दोन्ही घरांत श्रेया नावाचं कोणी नाही. आणि कळशी तर लग्नातली, २०१७ ची. म्हणजे कल्हईला नाहीतर पॉलिशला दिली तेव्हा दुकानदाराने कोणाच्या तरी भांड्याचं नाव आमच्यावर घातलं असणार. मामांच्या कळशीवर परक्याचं नाव. सांगायला हवं, बदलून मिळेल.

सोमवार, १७ फेब्रुवारी, बेल्हे

घरी न जाता बाजारात गेलो. घरी कोण कोण असेल, कशाला तोंडाला तोंड द्या. बैलबाजार भरात होता. व्यापारी रुमालाखाली बोटं धरून भाव करत होते, मोटारसायकली, टेम्पो, धूळ. भरत त्याच्या पिकअपपाशी एक खोंड चढवत होता. मी पिशवीतून कळशी काढून त्याच्यासमोर धरली. उन्हात लखलखली. मला अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू.

"घे. अठ्ठेचाळीस नंबर. यादी पुरी झाली."

भरतने खोंडाचा दोर सोडला तो शेजारच्या माणसाला धरावा लागला. त्याने कळशी घेतली नाही. तिच्याकडे नुसता बघत राहिला.

"दाजी, तुमाला कुणी सांगितलं व्हतं शोधायला?"

"तुझ्या बहिणीनंच. तीन वेळा विचारलं."

"ती इचारत व्हती," तो म्हणाला. "ती इचारतच व्हती ना?"

मला त्याचं बोलणं कळलं नाही. मी कळशी पिकअपच्या पुढच्या सीटवर ठेवली. त्याने चहा विचारला नाही. बहीण-भाऊ दोघांना माणुसकी शिकवायला हवी. वस्तू नाही म्हणून कटकट, आणली तरी तोंड वाकडं.

नावाच्या घोळाचं सांगायचं राहूनच गेलं.

गुरुवार, ६ मार्च

अर्ज दाखल झाला. वकिलाकडे ती माझ्या आधी येऊन सही करून गेली होती. अक्षर यादीतलंच, पण जरा वाकडं. वकील म्हणाले, सहा महिने थांबायचं, मग दोघांनी कोर्टात येऊन हो म्हणायचं, की झालं.

कळशी नेऊन दिली त्या दिवसानंतर मेसेज बंद आहेत. आता विचारायला काही राहिलं नाही, हे बरोबरच आहे. तरी सकाळी सात वाजता मी फोन बघतो. सवय.

रविवार, २५ मे

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही घडत नाही, कमी वस्तूंत तसं होतंच. पलंगावरून उठायचं, तीन पावलांवर खुर्ची, संध्याकाळी खुर्चीवरून उठायचं, तीन पावलांवर पलंग. या आठवड्यात मोजलं तर बाळासाहेब सोडून मी कोणाशीही बोललेलो नाही.

लंकाबाई ताट ठेवतात आणि न बोलता जातात. फेब्रुवारीपासून असंच आहे. चोरी पकडली गेल्याची लाज असेल.

आज एक मूर्खपणा केला. बाळासाहेबांचं काम संपलं म्हणून मोकळा होतो, तर संगणकावर आमची ही खोली काढायला घेतली. यादी आठवून एकेक वस्तू परत लावायची, अशी नुसती गंमत. कपाट लावलं. शिलाई मशीन खिडकीत, ते पक्कं आठवतं, कारण टकटकीने माझं डोकं उठायचं. मग ओट्यापाशी आलो आणि हात थांबला. डबे कुठल्या क्रमाने? पोळपाट उभा की आडवा? मिठाची बरणी? कळशी कुठे असायची? मी लोकांच्या चाळीसेक स्वयंपाकघरांत मीठ ठेवलं असेल. माझ्या घरातलं मला माहीत नाही.

फाईल सेव्ह न करता बंद केली. मग उगाच बराच वेळ रडायला येत होतं. वीज गेली होती, उकडत होतं, त्यामुळेही असेल.

गुरुवार, १८ सप्टेंबर

कोर्ट झालं.

पितृपक्षात कोणी चांगलं काम काढत नाही, पण कोर्टाला पंचांग नसतं. सकाळी अकराला पोहोचलो. बाहेरच्या बाकावर ती आणि भरत बसले होते. दोन वर्षांत मी तिला पहिल्यांदा बघितलं. बारीक झाली आहे. बोटाला सुईचे टोचे, म्हणजे शिवणकाम जोरात असणार. मला बघून भरत उठला आणि पानटपरीकडे निघून गेला. मी तिच्या शेजारी, मधे एक माणूस बसेल एवढी जागा सोडून बसलो.

मग तीच म्हणाली, "जेवायचं काय करताय?"

"मावशी देतात."

"गादी घेतली का?"

"चटई बरी आहे. सवय झाली."

आतून कोणाचं तरी नाव पुकारलं गेलं, आमचं नव्हतं. ती समोर बघत म्हणाली, "कळशी तुमीच घासली ना? भरत म्हणला, लई लखलखीत आणली व्हती."

"हो. चिंचेने."

"मंग बुडाशी बी घासली आसंल."

"सगळी घासली."

ती माझ्याकडे वळली. इतकं सरळ तिने माझ्याकडे कधी बघितलं होतं ते मला आठवत नाही. "मंग नाव बघितलं आसंल तुमी."

मला एकदम आठवलं. म्हटलं, बरं झालं विषय निघाला. "अगं हो, ते सांगायचंच राहिलं. दुकानदाराचा घोळ झालाय. कोणा श्रेयाचं नाव आपल्या कळशीवर घातलंय. मामांना सांग, बदलून मिळेल."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग हळूच मान खाली घातली, साडीचा पदर नीट केला आणि म्हणाली, "व्हय. घोळच झाला."

आमचं नाव पुकारलं. आत विचारलं, स्वखुशीने? ती माझ्या आधी हो म्हणाली, स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग मी म्हटलं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

बाहेर आल्यावर भरतने माझ्या पाया पडायला हात खाली नेला, मग मधेच थांबला. सवयीने गेला असेल. आता मी त्याचा दाजी नाही.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

सकाळी खाली गेलो. लंकाबाई सासऱ्यांच्या श्राद्धाचा स्वयंपाक करत होत्या. म्हटलं, निदान सांगून तरी टाकावं. कोर्टात काय झालं ते सांगितलं आणि वातावरण हलकं व्हावं म्हणून दुकानदाराच्या घोळाची गोष्टही सांगितली. बुडावर श्रेया, आणि ती म्हणाली, घोळच झाला.

लंकाबाईंच्या हातातलं उलथणं खाली पडलं. वडा कढईत काळा होईपर्यंत त्या माझ्याकडे बघत होत्या.

"तू तिला आसं म्हणलास? कोर्टाच्या दारात?"

"काय झालं?"

त्यांनी गॅस बंद केला आणि जमिनीवर बसल्या. "आरं बाबा, ते नाव माझ्यासमूर घातलंय. ओझरला गणपतीला गेलो व्हतो आमी दोघी. चौथा सरला व्हता तिला. कळशी घरून पिशवीत घिऊन आली व्हती. देवळाबाहीर नाव घालणारा बसतो ना, त्याच्यापाशी बसली. म्हणली, मावशी, मला मुलगीच हाय, मला कळतंय. बुडाला घाल म्हणली त्याला, कुणाला दिसू नये, दिष्ट लागू नये."

मी उभाच होतो.

"मग पोर गेलं. आन् तू ती दुपटी उचलून मला आणून दिलीस, नूतनला द्या म्हणून. आसली दुपटी कुणी दुसऱ्या लेकराला घालतं व्हय रं? मी तिची तिला गुपचूप परत दिली. भाऊबीजेला निघाली तवा कळशी घिऊन माझ्याकडं आली. म्हणली, वर ठिवली तर ही बी देऊन टाकतील कुणाला तरी. तुमी ठेवा मावशी. ते मला न्यायला येतील, तवा मीच येऊन घिऊन जाईन."

"तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"शपथ घातली व्हती तिनं. म्हणली, त्यांच्या त्यांनी इचारू दे. येकदा तरी इचारू दे." त्या पदराने डोळे पुसायला लागल्या. "मी म्हणलं न्हाई का तुला, आधी फोन कर म्हणून?"

म्हणाल्या होत्या. माझ्या याच वहीत लिहिलेलं आहे. वर येऊन सगळी वही वाचली. तिचे कळशीचे मेसेज मी तीन ठिकाणी लिहिलेत आणि वर तिलाच नावं ठेवली आहेत. भरतने "दाजी, नक्की ना" तीनदा विचारलं, तेही लिहिलंय. सगळं माझ्याच अक्षरात आहे आणि मी ते कधी वाचलं नाही. मला वाटत होतं मी तिचा त्रास कमी करतोय. मी तिची मुलगी घरातून आवरून टाकली, फळी पुसली, आणि जी एक वस्तू तिने माझ्यापासून लपवून वाचवली होती ती घासूनपुसून बाजारात नेऊन दिली, बैलांच्या गर्दीत. तिच्या मुलीचं नाव म्हणजे दुकानदाराचा घोळ, हे मी तिला तिच्या तोंडावर सांगितलं. माझीही मुलगी होती ती. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितोय.

दुपारी फोन लावला. ती उचलेल असं वाटलं नव्हतं. मागे शिलाई मशीन चालू होती.

"हॅलो."

मी म्हटलं, "श्रेया." रिकाम्या खोलीत ते नाव घुमलं आणि परत मलाच ऐकू आलं.

मशीन थांबली.

पुढे मला बोलता येईना. काय बोलायचं ते सगळं ठरवून ठेवलं होतं, माफीबिफी, पण तोंडातून नुसता आवाज निघत होता.

"रडताय का तुमी?"

"हो."

"रडा," ती म्हणाली. "तवा मी येकलीच रडले."

मी पलंगाच्या फळीवर बसून रडलो. ती थांबली. मग तिने सांगितलं की आता परत काही व्हायचं नाही, कालचं 'हो' ती मागे घेणार नाही, तिच्यात तेवढं बळ उरलेलं नाही. मी म्हटलं, मला कळतं. कळशी कुठे आहे विचारलं. म्हणाली, तिच्या खोलीत, उशाशी, रोज पाणी भरते.

मला वाटलं आता ती फोन ठेवेल. तिने ठेवला नाही. तेव्हा मी तिला विचारलं, दोन वर्षांपूर्वी त्या पुसलेल्या फळीसमोर विचारायला हवं होतं ते.

"तुला कसं कळलं गं, मुलगी आहे ते?"

मग तिने नाक ओढलं आणि सांगायला लागली.